निर्दोष कडबा

मी संगमनेरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिसगावला, माझ्या आजोळी, माझी ओळख ‘किड्यांचं शिकवती ती’ एवढीच आहे. मामी आल्यागेल्याला कौतुकाने सांगते, “लई शिकल्याली हाय आमची भाची, पर काम किड्यांचं.” जीवाणू म्हणजे किडे नव्हेत, हे मी तिला निदान पंचवीस वेळा चिडून सांगितलंय. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

हे सगळं सुरू झालं मामांच्या खोकल्यापासून. मामांच्या दावणीला तीन गाई. जिरायती रानात ज्वारी, आणि ज्वारी निघाली की तिचा कडबा. मामांना ज्वारीपेक्षा कडब्याचा अभिमान जास्त. पेंढ्या रचून त्यांनी उभी केलेली गंज बघायला माणसं थांबत. आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाची गंज रचायची असली की मामांना बोलावणं यायचं, आणि मामाही डोक्याला टॉवेल गुंडाळून मोठ्या रुबाबात जायचे. पण त्या साली स्वतःच्याच गंजीच्या वेळी अवकाळी पावसाने त्यांना गाठलं. अर्धी गंज उघडी, पेंढ्या भिजलेल्या, आणि आभाळ पुन्हा भरून आलेलं. वाळवायला सवड नव्हती. मामांनी ओलसर पेंढ्या पोटात घालून गंज पुरी केली. “दोन-चार वलसर गेल्यात. काय हुत न्हाई,” असं ते मामीला म्हणाले होते.

आषाढ-श्रावणात मामा खोकायला लागले. सकाळी उठून कडब्याची कुट्टी करायची, मशीनमधून उडणाऱ्या भुशात तासभर उभं राहायचं, हा त्यांचा रोजचा नेम. तेव्हा काही व्हायचं नाही. दिवस कलला की मात्र थंडी वाजून ताप यायचा, छाती आवळून धरल्यासारखी व्हायची आणि खोकला काही केल्या थांबायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनपुढे हजर. एखाद्या लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेले की एकदम बरे. “हवापालट मानवतो मला,” असं मामा ऐटीत सांगायचे. सकाळच्या कामाचा त्रास संध्याकाळी होतो, ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे शिकलेली.

गावातल्या डॉक्टरांनी दोनदा थुंकी तपासली. क्षय नव्हता. मग आम्ही त्यांना नगरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधाआधी मामांचा दिवस विचारला, उठल्यापासून निजेपर्यंत, अगदी फुरसतीने. मग छातीचा स्कॅन काढून पाहिला आणि म्हणाले, “गोठ्यात उडणारं काहीतरी यांच्या फुप्फुसाला सोसत नाहीये. ते काय आहे हे शोधून बंद करा. नाही सापडलं, तर गोठाच सोडावा लागेल. असंच चालू राहिलं तर फुप्फुस निबर होत जाईल आणि मग ते काही पूर्वीसारखं होणार नाही.”

परतीच्या जीपमध्ये मामा औषधाची चिठ्ठी उलटसुलट करत होते. मामी खिडकीबाहेर बघत होती. मीच काय ती बोलत होते. म्हटलं, “शोधायचं माझ्यावर सोपवा. हेच तर माझं काम आहे.” आणि खरंच होतं. ओल्या गवतात, कडब्यात, साखर कारखान्यातल्या उसाच्या चोथ्यात आतून ऊब धरली की काही जीवाणू त्या उबेतच वाढतात. त्यांची पावडरीसारखी बीजं धुळीबरोबर नाकात जातात आणि वर्षानुवर्षं ते काम करणाऱ्या माणसाची छाती त्यांच्यावर रुसते. आमच्या विभागाला नेमका अशाच उष्ण जागी वाढणाऱ्या जीवाणूंवर एक छोटा प्रकल्प मिळाला होता. जीवाणू वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याचा जीनोम, म्हणजे त्या डीएनएतला सगळा मजकूर, वाचायला पाठवायचा. मी मनात म्हटलं, चला, प्रकल्पही होईल आणि मामाही बरे होतील.

त्याच आठवड्यात कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या. मी मामीला फोन केला. “मामी, आपल्या कडब्याचा थोडा नमुना पिशवीत घालून पाठव. कॉलेजात मशीनवर तपासायचाय.” मामी म्हणाली, “देते की. त्यात काय हाय?”

पाथर्डीहून आलेल्या एसटीतून पार्सल आलं. त्यात बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि धुतलेल्या कापडी पिशवीत कडबा. वीतवीतभर लांबीचे सारखे तुकडे, सुतळीने दोन ठिकाणी बांधलेले. मी पिशवी उघडून वास घेतला. उन्हाचा, कोरडा, गोडसर वास. लहानपणीच्या सुट्ट्या एकदम आठवल्या, गंजीवरून घसरगुंडी खेळल्याचं आठवलं, आणि मला इतकं बरं वाटलं की त्यात काही चुकतंय अशी शंकासुद्धा आली नाही.

प्रयोगशाळेत मी तो कडबा पाण्यात घोळवून ते पाणी बशांमधल्या खाद्यावर पसरलं आणि चांगल्या पन्नास-पंचावन्न अंशांच्या उबेत ठेवलं. एकच जात भरभरून वाढली. डीएनए काढला, पुण्याला पाठवला. मशीन जीनोम सलग वाचत नाही, तुकडे वाचतं. भेळेच्या कागदाचे फाटके तुकडे जुळवून आपण बातमी वाचतो ना, तसं संगणक ते तुकडे जुळवतो आणि मग आधी वाचून ठेवलेल्या जीवाणूंशी ताडून बघतो. आमची बातमी लागली ती अशी की हा मातीतला अगदी साधा जीवाणू आहे. अंगणात, रस्त्यात, भाजीच्या देठाला, कुठेही सापडेल असा.

मी लगेच फोन लावला. “मामा, तुमचा कडबा निर्दोष आहे! जीनोम वाचून सांगतेय.”

“मी म्हनतच हुतो,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज फुलला होता. “माझा कडबा हाय त्यो.” त्या दिवशी त्यांनी ही बातमी वेशीपासून बाजारतळापर्यंत सगळ्यांना सांगितली म्हणे.

दोन दिवसांनी मामीचा फोन आला. ती रडत होती. कडबा चांगला, मग गोठ्यात उरलं काय? गाईच. त्यांचे केस, त्यांचं शेण, त्यांचा श्वास. डॉक्टर म्हणालेच होते, नाही सापडलं तर गोठा सोडा. मामीने गाई विकायचं काढलं आणि मामांनी एका शब्दात होकार दिला, “इका.” त्यानंतर ते जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर उठत होते. “गाया गेल्या तर ह्ये राहत्यात का न्हाई, आन् राहिल्या तर ह्यांचा दम राहतो का न्हाई? तूच सांग, काय करू मी?” मामी विचारत होती. मी तिला धीर दिला, पण फोन ठेवल्यावर मलाही रडू आलं.

दिवाळीनंतर गिऱ्हाईक गाई बघायला येणार असं ठरलं. तोवर मामांनी गोठ्यापासून लांब राहावं म्हणून मी त्यांना संगमनेरला आणलं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मामा गॅलरीत बसून खालच्या मोटारसायकली मोजायचे. जेवण, गोळ्या, टीव्ही. बिचारे तोंड उघडून काही मागायचे नाहीत. फक्त एक म्हणाले, “पहाटं जरा नदीकडं फिरून येत जाईन.” मला आनंदच झाला. येताना ते तांब्याभर दूध आणायचे. डेअरीवरून घेतो म्हणायचे. दूध चांगलं दाट होतं. आठ-दहा दिवसांत खोकला ओसरला, ताप गेला, चेहऱ्यावर तुकतुकी आली. मी मनात म्हटलं, बघा, गाईच होत्या. आणि मनातल्या मनात वाईट वाटून घेतलं.

एके सकाळी मामांनी तांब्या माझ्या हातात दिला. “खरवस कर,” म्हणाले. आत पिवळाधमक चीक होता. मी तांब्या घेऊन स्वयंपाकघरात दोन पावलं गेले आणि थांबले. मी कितीही शिकले तरी शेतकऱ्याच्या घरची भाची आहे. चीक कुणी डेअरीवर विकत नाही. व्यालेल्या गाईचा चीक घरच्यांना नाहीतर गोठ्यात राबणाऱ्याला मिळतो.

“मामा, डेअरीवर चीक कधीपासून मिळायला लागला?”

मामा टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

“मामा!”

“नदीकडंला एक गोठा हाय,” ते हळूच म्हणाले. “पहाटं गाय अडली हुती त्यांची. मी हुतो म्हनून सुटली. त्यांनी दिला.”

“तुम्ही तिथे काय करत होता?”

“धारा काढाया जातो की रोज.”

मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असणार. डॉक्टरांनी गोठ्यात पाऊल टाकू नका सांगितलंय, इकडे आम्ही जीव टांगणीला लावून बसलोय, मामी तिकडे गाई विकायला काढतेय आणि तुम्ही परक्याच्या गाईंच्या कासेखाली जाऊन बसता? कधीपासून चाललंय हे?

“आल्याच्या दुसऱ्या दिसापासनं,” मामा म्हणाले. “आठ गाया हायेत. शेनकूर बी करतो. करमत न्हाई गं मला.”

मी पुढच्या सरबत्तीसाठी श्वास घेतला आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून. आठ गाई. रोज पहाटे दोन-दोन तास. आणि हा माणूस माझ्यापुढे उभा राहून गुन्हा कबूल करतोय, तो एकदाही न खोकता.

“मामा,” मी एकदम मवाळ झाले. “त्या गोठ्यात कडब्याची कुट्टी करतात का हो?”

“कडबा?” मामांनी नाक मुरडलं. “त्यांना काय ठावं कडबा! उसाचं वाढं आन् त्यो पिशवीत आंबवल्याला मुरघास. गुरांना लोनचं घालत्यात, लोनचं!”

मी तांब्या ओट्यावर ठेवला. चीक तसाच राहिला. मामीला फोन लावून म्हटलं, “गाई विकू नकोस. मी मामांना घेऊन येतेय.” मामी म्हणाली, “ह्यो काय पोरखेळ हाय का?” पण आवाजात जीव आला होता.

तिसगावला पोचल्यावर मी मामांना लांब लिंबाखाली बाजेवर बसवलं आणि उठायचं नाही अशी तंबी दिली. मी मास्क लावला, हातमोजे घातले आणि गंजीच्या पोटातली एक पेंढी ओढली. राखाडी-पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर आला. आत हात घातला तर कडबा कोमट लागला. रंग काळपट, काड्यांवर पांढरी पूड, मास्कमधूनही येणारा कुबट वास. पार्सलमधल्या त्या सोनेरी तुकड्यांशी याचं कसलंच नातं नव्हतं.

मी मागे वळले. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

“मामी, तू मला पाठवलास तो कडबा यातलाच होता ना?”

“यातला म्हंजी...” मामी थांबली. “आगं, तू म्हनलीस कालेजात मशीनवर दावायचा हाय. चार शिकल्याली मान्सं बघनार. तिथं ह्यो बुरसाट कडबा धाडायचा व्हय? म्हनली आस्ती, भाचीच्या आजोळी गुरांना आसलं घालत्यात. म्हनून शेजारनं एक चांगली पेंढी आनली.”

“शेजारून?”

“आन् फडक्यानं पुसली. काडीन् काडी. मग दोन उनं दिली.”

लिंबाखालून मामांचा आवाज आला, “म्हंजी मशीन निर्दोष म्हनलं ते शेजाऱ्याच्या कडब्याला?”

“तुमी गप बसा,” मामी म्हणाली. “मला काय ठावं? मला वाटलं मशीनला कुठल्याबी काडीवरनं कळत आसंल.”

राग माझ्या अगदी घशापर्यंत आला होता. पण कुणावर काढणार? दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना बजावते की नमुना स्वतः जाऊन घ्या, दुसऱ्याने दिलेल्या पुडीवर भरवसा ठेवू नका. आणि मीच परीक्षेचं निमित्त करून पुडी मागवली होती. मामीने घरची अब्रू राखली. शेजाऱ्याच्या स्वच्छ काड्यांचा जीनोम वाचून मामांच्या गाई विकायची पाळी आणली ती मी. मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मामी आधी बावरली, मग तीही हसायला लागली. मामांना कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून ते बाजेवरून “काय झालं, काय झालं?” करत राहिले.

त्या पेंढीतला नमुना मी स्वतः पिशवीत भरला, स्वतः मांडीवर घेऊन संगमनेरला आणला. या वेळी बशांवर खडूची पूड सांडावी तसे पांढरे ठिपके वाढले. डीएनए काढायला गेले तर हा जीवाणू दाद देईना. आवरण भारी चिवट. दोनदा नुसतंच पाणी हाती लागलं. शेवटी अंड्याच्या पांढऱ्यापासून मिळणाऱ्या एका एन्झाइममध्ये रात्रभर भिजवला तेव्हा कुठे मऊ पडला. मामीला फोनवर हे सांगितलं तर तिने पुढच्याच गाडीने डझनभर गावरान अंडी पाठवली. ती आम्ही पोळा करून खाल्ली.

पुण्याहून फाइल आली. तुकडे जुळले, ताडून पाहिले आणि नाव निघालं. भिजून ऊब धरलेल्या चाऱ्यातून शेतकऱ्याच्या छातीत जाणारा, जगभरच्या गोठ्यांमध्ये बदनाम असलेला तोच तो उष्णप्रेमी जीवाणू. मी खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत दोन फेऱ्या मारल्या. मग मामांना घेऊन नगरला गेले. डॉक्टरांनी आधी मामांची छाती तपासली, नवा स्कॅन जुन्याशेजारी लावून पाहिला आणि माझा अहवाल शेवटी वाचला. म्हणाले, “रोग ओळखायला मला यांचा दिवस आणि हा स्कॅन पुरेसा आहे. पण गुन्हेगार कोण, हे तुम्ही नक्की केलंत. फुप्फुस सुधारतंय. आता तो चारा मात्र पुन्हा नको.”

गंज मोडावी लागली. दोन गड्यांनी तोंडं बांधून, आधी भरपूर पाणी मारून ती खताच्या खड्ड्यात नेली. मामा लांबून बघत होते. त्यांनी रचलेली गंज अशी मोडताना बघून मलाच गलबलून आलं. संध्याकाळी मामा मामीला म्हणाले, “वली पेंढी आत घातली तवाच मला ठावं हुतं.” मग मुरघासाच्या पिशव्या आल्या. मामा तोंड वाकडं करून ते लोणचं गाईंपुढे टाकायला लागले आणि गाईंनी ते गव्हाण चाटून साफ केलं. मामांना त्याचाही थोडा अपमान वाटला.

जीनोमची फाइल जगभरच्या संशोधकांसाठी खुली करायची असते. तिथे जीवाणू कुठे सापडला ते लिहावं लागतं. मामीने घाबरत विचारलं, “आपलं नाव न्हाई ना टाकलंस?”

“नाही. नुसता तालुका टाकलाय.”

“मग चालतंय,” मामी म्हणाली. “तालुका मोठा हाय.”

नगरहून आम्ही परत आलो त्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. दारात पाय ठेवताच मामांनी मला थांबवलं. “म्हंजी गायांचा काय बी दोष न्हवता?”

“काहीच नव्हता, मामा.”

“नक्की?”

“नक्की.”

मामांनी चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, तसेच गोठ्याकडे गेले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी मागे गेले. थोरल्या तांबड्या गाईच्या मानेखालची पोळी खाजवत ते तिच्या कानाशी बोलत होते. “मी तुला इकाया निघाल्तो. एका शब्दात व्हय म्हनलो बघ. चुकलं माझं.”

मला तिथे उभं राहवेना. निर्दोष कडब्याचा फोन मी केला होता आणि माफी मामा मागत होते. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले, गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, चूक माझी होती. त्यांची नव्हती.”

मामांनी बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

“ती आयकती समदं,” ते म्हणाले, “पर लगीच माफ करीत न्हाई. जा, आधी पेंड घिऊन ये.”